अंगठा हलला, पण हलवला कुणी?

बेंगळुरूच्या होसूर रस्त्यावर निमहान्स नावाची संस्था आहे. मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांसाठी बेळगाव-निपाणीपासून सोलापूर-कोल्हापुरापर्यंतची मराठी माणसं तिथे जातात. तिथे एक तपासणी होते, ती पाहिली की क्षणभर आपला आपल्याच हातावरचा विश्वास उडावा. रुग्ण खुर्चीत टेकून बसलेला असतो. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या त्या मऊ उंचवट्यावर दोन छोट्या चकत्या चिकटवलेल्या असतात. तंत्रज्ञ सांगतो, ‘कै लूज बिडी’, हात सैल सोडा. मग आठाच्या आकाराची, प्लॅस्टिकमध्ये मढवलेली एक कॉईल डोक्याच्या डाव्या बाजूला केसांवरच टेकवली जाते. ‘टक’ असा आवाज होतो आणि उजवा अंगठा उडतो!

रुग्णाने तो हलवलेला नसतो. हलवायचं त्याच्या मनातही नसतं. सुई नाही, चिरा नाही, केससुद्धा भादरलेले नाहीत. पडद्यावर एक रेघ वर उसळून खाली येते आणि बाजूला आकडा उमटतो: २१ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले एकवीस. पापणी एकदा मिटायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

या २१ मिलिसेकंदांत काय काय घडलं? आणि त्यावरून डॉक्टरांना आजार कुठे दडलाय हे कसं कळतं?

आधी निरोपाचा रस्ता पाहू. मेंदूच्या वरच्या पृष्ठभागावर, साधारण एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, हालचालीचे हुकूम सोडणारी एक पट्टी आहे. तिच्यातल्या पेशींपासून निघालेले तंतू मेंदूच्या पोटातून खाली उतरतात. एका बाजूचे मोजले तर सुमारे दहा लाख. मेंदू जिथे संपतो आणि मज्जारज्जू जिथे सुरू होतो, तिथे दहांतले आठ-नऊ तंतू बाजू बदलतात. डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे. म्हणून तर कॉईल डावीकडे आणि अंगठा उजवा. मानेजवळच्या मज्जारज्जूत दुसरी पेशी वाट पाहत असते. पहिली तिला निरोप देते, आणि दुसरीचा तंतू खांदा, दंड, कोपर, मनगट ओलांडून थेट अंगठ्याच्या स्नायूत शिरतो.

आता इथे जरा थांबा. हाताच्या बोटांच्या बाबतीत काही तंतू असे आहेत की मेंदूचा पृष्ठभाग आणि स्नायू यांच्यामध्ये फक्त दोन पेशी असतात. दोनच! मध्ये ना कारकून, ना साहेब. मांजरात अशी थेट जोडणी नसते. माकडांत आहे आणि माणसात तर भरपूर आहे. सुईत दोरा ओवणं, तबल्यावर बोट पडणं, शर्टाचं बटण लावणं, या सगळ्यामागे ही थेट वाट आहे. पायाच्या बाबतीत तर कंबरेजवळच्या मज्जारज्जूतून निघून पावलापर्यंत जाणारा एका पेशीचा एक तंतू जवळजवळ मीटरभर लांब भरतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीला मीटरभर लांब शेपूट!

या वाटेवरून निरोप किती वेगाने जातो? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वाटायचं की हा वेग मोजता येण्यापलीकडचा आहे. योहानेस म्यूलर हे त्या काळचे नावाजलेले शरीरशास्त्रज्ञही निराशच होते. त्यांचा शिष्य हेर्मान हेल्महोल्ट्झ मात्र गप्प बसला नाही. त्याने बेडकाचा पाय घेतला, मज्जातंतूला एकदा स्नायूजवळ आणि एकदा लांबून विजेचा झटका दिला आणि स्नायू आखडायला लागलेल्या वेळातला फरक मोजला. १८५० मध्ये त्याने आकडा जाहीर केला: सेकंदाला सुमारे तीस मीटर. विजेच्या तारेपुढे हा वेग काहीच नाही. आपलं मन वाऱ्यासारखं धावतं असं आपण म्हणतो, पण मनाचा हुकूम नेणारा तंतू मोजता येण्याजोग्या, ठरावीक वेगानेच धावतो.

गंमत बघा, आज कुठल्याही मोठ्या रुग्णालयात ‘एनसीव्ही’ नावाची जी तपासणी होते ती मुळात हेल्महोल्ट्झचाच प्रयोग आहे, फक्त बेडकाऐवजी आपण. मनगटावर छोटा झटका दिला, स्नायू ३ मिलिसेकंदांनी उसळला. कोपराजवळ दिला, ७ मिलिसेकंदांनी उसळला. दोन्ही जागांमधलं अंतर टेपने मोजलं, समजा २२ सेंटिमीटर. चार मिलिसेकंदांत बावीस सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला ५५ मीटर, ताशी जवळपास दोनशे किलोमीटर. निरोगी माणसाच्या हातात साधारण एवढाच वेग असतो. बेडकाला आपण मागे टाकलंय.

हा वेग येतो कुठून? तंतूभोवती मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण असतं आणि त्या वेष्टणात मिलिमीटर-दीड मिलिमीटरवर बारीक फटी असतात. निरोप सरळ सरकत जात नाही. एका फटीतून दुसऱ्या फटीत उड्या मारत जातो. वेष्टण विरलं की उड्या थांबतात आणि वेग कोसळतो. तंतूच मेला तर मात्र वेगळं घडतं. उरलेले तंतू नेहमीच्याच वेगाने निरोप नेतात, पण वाहणारेच कमी, म्हणून स्नायूची उसळी बुटकी होते. म्हणजे वेग घटला तर वेष्टण बिघडलंय आणि उंची घटली तर तंतू मेलेत. एका रेघेतून दोन बातम्या!

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण भराभर वाढले, तेव्हा केंद्र सरकारने पाठवलेल्या तज्ज्ञांच्या पथकात निमहान्सचीही माणसं होती. जीबीएसमध्ये शरीराची स्वतःचीच फौज मज्जातंतूंवर उलटते. हल्ला वेष्टणावर झालाय की तंतूवर, हे याच साध्या झटक्याच्या तपासणीतून उलगडतं. वेष्टण पुन्हा चढू शकतं. तंतूची इजा खोल असेल तर भरून यायला बराच जास्त वेळ लागतो. घरच्यांना ‘बरा कधी होईल?’ याचं उत्तर देताना डॉक्टरांच्या हातात हा कागद असतो.

इथवर ठीक. मनगट आणि कोपर हाताशी आहेत, टेप लावता येते. पण मनगटापासून वर, थेट मज्जारज्जूपर्यंतचा रस्ता बाहेरून कसा मोजणार?

इथे निसर्गाने एक मजेदार सोय करून ठेवलीय. मनगटावर झटका दिला की निरोप फक्त खाली बोटांकडे जात नाही, तो उलटा वरही धावतो. मज्जारज्जूतल्या पेशीपर्यंत पोचतो, आणि त्यांतल्या मोजक्या पेशी दचकून पुन्हा एक निरोप खाली सोडतात. मग अंगठ्याचा स्नायू दुसऱ्यांदा, अगदी हलकेच उसळतो. मॅग्लडरी आणि मॅकडुगल यांनी १९५० मध्ये ही दुसरी उसळी नोंदवली. तिला एफ लाट म्हणतात. ती साधारण २८ मिलिसेकंदांनी येते. आता हिशोब करा. वर जाण्याचा वेळ अधिक परत येण्याचा वेळ, मध्ये पेशीला वळून निरोप सोडायला लागणारा एक मिलिसेकंद. अठ्ठावीसमध्ये मनगट ते स्नायूचे तीन मिळवा, वळण्याचा एक वजा करा, तीस. निम्मे करा. मज्जारज्जूपासून अंगठ्यापर्यंत पंधरा मिलिसेकंद. मज्जारज्जूला बोटही न लावता तिथून निघणाऱ्या गाडीची वेळ हाती आली.

राहिला मेंदू. तो कवटीच्या पेटीत बंद, आणि हाड विजेला सहजासहजी वाट देत नाही. १८७० मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूवर हलका विद्युतप्रवाह सोडला आणि समोरच्या बाजूचा पाय हलला. प्रयोगशाळा मिळाली नव्हती म्हणून हे काम हिट्झिगच्या घरी चाललं होतं! पुढे मॉन्ट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड या शल्यविशारदाने शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मेंदूवर अशीच टोकदार विचारपूस केली आणि माणसाच्या त्या पट्टीचा नकाशाच काढला. पाठ-पोट यांना तिथे चिमूटभर जागा आहे आणि हात, अंगठा, ओठ, जीभ यांनी मोठमोठे वाडे बळकावलेत. पण हे सगळं कवटी उघडल्यावर. धडधाकट, बंद डोक्याचं काय?

१९८० मध्ये इंग्लंडच्या मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्याच्या कातडीवर जबरदस्त व्होल्टेजचा क्षणिक झटका देऊन समोरचा हात हलवून दाखवला, तोही स्वतःवर प्रयोग करून. जमलं, पण दुखलं. कातडी आणि डोक्याचे स्नायू विजेचा बराचसा मार स्वतःवर घेत होते. रोजच्या रुग्णावर असं करायला कोण धजावणार?

उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच सापडून ठेवलं होतं. १८३१ मध्ये मायकेल फॅरेडेने दाखवलं होतं की बदलतं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या तारेत वीज उत्पन्न करतं. मेंदूतली खारट, ओली ऊतीसुद्धा वीज वाहू देतेच की! आणि चुंबकीय क्षेत्राला हाड म्हणजे काहीच नाही, ते आरपार जातं. १८९६ मध्ये फ्रान्समध्ये दार्सोनव्हालने लोकांची डोकी मोठ्या कॉईलमध्ये घातली तेव्हा त्यांना डोळ्यांपुढे प्रकाशाच्या ठिणग्या दिसल्या होत्या. पण हालचालीच्या पट्टीला जागं करण्याइतका दणका देणारं, आणि तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत देणारं यंत्र व्हायला १९८५ उजाडावं लागलं. शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून दाखवलं. ‘लॅन्सेट’मध्ये आलेला त्यांचा लेख जेमतेम दोन पानांचा आहे. कॉईलमधून क्षणभर हजारो अँपिअरचा प्रवाह धावतो. दीड-दोन टेस्लाचं क्षेत्र उठतं, एमआरआयच्या बोगद्यात असतं तेवढं, आणि दचकायच्या आत नाहीसं होतं. त्यात मेंदूच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटर थरात अगदी इवलीशी वीज जागी होते. दुखत नाही. डोक्यावर टिचकी मारल्यासारखं वाटतं, बस्स.

आणखी एक नवल इथेच आहे. कॉईलने एकदाच टकटक केली तरी मेंदूतून खाली एकच निरोप जात नाही. दीड-दीड मिलिसेकंदाच्या अंतराने एकामागून एक अनेक लाटा उतरतात. कारण चुंबक मोठ्या पेशींना थेट क्वचितच उठवतो. तो आधी त्यांच्या शेजारच्या छोट्या पेशींना उठवतो, आणि त्या मोठ्यांना पुन्हापुन्हा ढोसतात. म्हणजे आपण बाहेरून फक्त दार वाजवलं, आतल्या मंडळींचं आपापसातलं बोलणं आपोआप ऐकू आलं.

आता सुरुवातीच्या त्या २१ मिलिसेकंदांकडे या. बेंगळुरूहून हुबळीमार्गे मिरजेला येणारी गाडी उशिरा पोचली. उशीर कुठे झाला? मिरजेच्या फलाटावर उभं राहून नुसतं घड्याळ बघून कळणार नाही. पण हुबळीहून सुटणाऱ्या गाड्या जर मिरजेला वेळेवर येत असतील, तर खोळंबा बेंगळुरू-हुबळीच्या टप्प्यात आहे हे घरबसल्या सांगता येतं. इथे मेंदू म्हणजे बेंगळुरू, मानेतला मज्जारज्जू म्हणजे हुबळी आणि अंगठा म्हणजे मिरज. पूर्ण प्रवास २१ मिलिसेकंद, मज्जारज्जूपासून पुढचा १५. वजाबाकी केली: मेंदू ते मज्जारज्जू सहा मिलिसेकंद. तीन इयत्ता शिकलेल्या पोराला येईल अशी ही वजाबाकी, आणि तिच्यातून बंद कवटी व बंद मणक्यातल्या वाटेचा खोळंबा कळतो.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतलं मायलिन झडतं, आणि हे सहा मिलिसेकंद वाढतात. मानेतल्या सरकलेल्या चकतीने मज्जारज्जू दाबला तरी वाढतात. पार्किन्सनमध्ये माणूस इतका संथ होतो, तरी हे सहा मिलिसेकंद बहुधा जिथल्या तिथे राहतात! वाट धडधाकट आहे, गोंधळ गाडी सोडणाऱ्यांत आहे. निमहान्समध्ये डॉ. प्रमोद कुमार पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सन, तांबं साठून होणारा विल्सनचा आजार आणि तोल जाणाऱ्या आनुवंशिक अटॅक्सियांमध्ये ही चुंबकाची तपासणी वर्षानुवर्षं वापरली आहे. अटॅक्सियांचे अनेक प्रकार बाहेरून सारखेच दिसतात, चाल झोकांड्या खाणारी, बोलणं अडखळतं. त्यांतल्या एससीए-१ या प्रकारात मेंदूपासूनची वाट ठळकपणे मंदावलेली सापडते.

विदर्भातल्या वाचकांना लाखोळीची डाळ ठाऊक असेल. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच खाऊन राहणाऱ्यांचे पाय ताठरतात, माणूस काठीवर येतो. लखनौच्या डॉ. उषाकांत मिश्रा यांनी अशा रुग्णांवर नेमकी ही मोजणी केली. पायांपर्यंत जाणाऱ्या लांब वाटेतला बिघाड त्यातून मांडता आला.

आता बेंगळुरूची खास गोष्ट. वीस वर्षांच्या एका मुलाची कल्पना करा. त्याच्या उजव्या पंजाचं मांस हळूहळू झडतंय. थंडीत बोटं आणखीच कमजोर होतात. घरात कुणीतरी मोबाईलवर शोधतं आणि एक भयंकर नाव समोर येतं: एएलएस, ज्यात हालचालीच्या पेशी एकामागून एक मरत जातात. घरातलं वातावरणच बदलतं.

पण पंजा वाळण्यामागे दुसराही एक आजार असू शकतो. जपानच्या केइझो हिरायामा यांनी १९५९ मध्ये तो वर्णन केला. तरुण मुलांमध्ये मान पुढे वाकली की मज्जारज्जूभोवतीचं आवरण पुढे सरकतं आणि मज्जारज्जूला मणक्यावर दाबतं. रोज, हजारदा. त्या जागेच्या पेशी हळूहळू मरतात. निमहान्सच्या डॉ. एम. गौरीदेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये भारतातल्या अशा एकाच हातापायापुरत्या वाळणाऱ्या रुग्णांचा अभ्यास छापला. आजार काही वर्षं पुढे सरकतो आणि मग आपोआप थांबतो! त्यानंतर माणूस आयुष्यभर नोकरी-संसार करू शकतो. हात तोच वाळलेला, आणि भविष्यं दोन, जमीन-अस्मानाएवढी वेगळी.

दोघांना वेगळं कसं करायचं? मान वाकवून घेतलेला एमआरआय मोठी मदत करतो. आणि चुंबकाच्या टिचक्याही. फक्त या वेळी एक नाही, दोन. पहिली टिचकी इतकी हलकी की अंगठा ढिम्म हलत नाही. तिच्यामागून दोन-तीन मिलिसेकंदांनी दुसरी, चांगली जोरदार. अंगठ्याने नेहमीसारखं उडायला हवं ना? तो उडतो, पण अगदी थोडासा! न जाणवलेल्या पहिल्या टिचकीने मेंदूतल्या आवर घालणाऱ्या पेशींना जागं केलं आणि त्यांनी दुसरीची हवा काढून घेतली. आता मधलं अंतर दहा-पंधरा मिलिसेकंद करा. त्याच दोन टिचक्या, आणि अंगठा नेहमीपेक्षा जास्त उडतो. कुजिराई आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे दाखवलं. मेंदूत आवर घालणारे आणि उचकवणारे असे दोन्ही गट आहेत, आणि फक्त घड्याळाचा काटा सरकवून आपण हव्या त्या गटाशी बोलू शकतो. विश्वास बसत नाही ना?

एएलएसमध्ये हा आवर सुटतो. ऑस्ट्रेलियात मॅथ्यू कीर्नान आणि स्टीव्ह वुचिच यांनी दाखवलं की मेंदूचा पृष्ठभाग वाजवीपेक्षा जास्त भडकलेला असतो. आनुवंशिक एएलएसच्या काही घराण्यांत तर हाताला कमजोरी येण्याआधीच तो भडकलेला सापडला. हिरायामामध्ये मात्र हा आवर शाबूत असतो, कारण दुखणं मानेत आहे, मेंदूत नाही. एका वाळलेल्या पंजामागे कोणता आजार आहे, याची साक्ष डोक्याच्या आतली मंडळी देतात.

आणि ही मंडळी आणखीही बोलतात. अंगठा हलवायचा नुसता विचार करा, चुंबकाची उसळी वाढते. दुसऱ्याला हात हलवताना नुसतं पाहा, तरी वाढते! इटलीच्या पार्मामधल्या फादिगा आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हे नोंदवलं. क्रिकेटचा सामना बघताना आपलाही हात आपोआप का सळसळतो, याचा यात थोडासा पत्ता लागतो. निमहान्समध्ये डॉ. उर्वक्ष मेहता आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांकडे पाहिलं. औषधं अजून सुरू न झालेल्या रुग्णांत, दुसऱ्याची कृती पाहताना होणारी ही वाढ कमी भरली. अंगठ्याच्या एका स्नायूतून माणसाच्या मनातलं दुसऱ्यांविषयीचं जग डोकावतं, हे कुणाला सुचलं असेल?

कधीकधी या वाटा शोधायला बाहेरचा चुंबक पुरत नाही, खोलवर जावं लागतं. बेंगळुरूला त्याचीही परंपरा आहे. निमहान्सचे पहिले संचालक डॉ. आर. एम. वर्मा कवटीला भोक न पाडता तिच्या तळाशी असलेल्या नैसर्गिक छिद्रातून सुई नेऊन पार्किन्सनची शस्त्रक्रिया करत. आणि २०१७ च्या जुलैत याच शहरातल्या भगवान महावीर जैन रुग्णालयात एका तरुण संगीतकाराने शस्त्रक्रियेच्या टेबलावर, डोक्यात सुई असताना, गिटार वाजवली. गिटार हाती घेतली की त्याची बोटं आखडायची, एरवी नाही. मग तो वाजवत नसेल तर डॉक्टरांना बिघाड दिसणार कसा? मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत, म्हणून संगीतकाराला जागं ठेवता आलं. आधी विजेने ती जागा चाचपायची, बोटं काय करतात ते बघायचं, मग तेवढाच ठिपका जाळायचा आणि पुन्हा ‘वाजव’ म्हणायचं. काम आटोपेपर्यंत बोटं मोकळी झाली होती.

पक्षाघातात चुंबकाच्या टिचकीचा उपयोग तर अगदी साध्या प्रश्नासाठी होतो. हात पूर्ण लुळा पडलेला रुग्ण आठवड्याभराने विचारतो, ‘परत हलेल का?’ न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या कॅथी स्टिनिअर यांनी बसवलेल्या पद्धतीत पहिल्या काही दिवसांत हाताची ताकद तपासतात आणि ती खूप कमी असेल तर चुंबकाने विचारतात. हात हलत नसला तरी स्नायूवर बारीकशी उसळी दिसली, तर मेंदूपासूनची वाट थोडी तरी शाबूत आहे आणि हात कामाचा होण्याची चांगली शक्यता आहे. व्यायाम कशावर भर देऊन करायचे, तेही त्यावरून ठरतं.

चुंबकाची ही तपासणी सगळ्यांना चालत नाही. छातीत पेसमेकर असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, पूर्वी फिट आली असेल, तर ते आधी सांगायलाच हवं. एनसीव्हीचा झटका चिमटा काढल्यासारखा झोंबतो, पण क्षणभरच. घाबरून ती टाळू नये. आणि घरातल्या तरुण मुलाचा पंजा बारीक होताना दिसला, पेन धरताना बोट निसटू लागलं, तर तेल-मालिश आणि ‘नस दबली असेल’ यात वर्षं घालवू नका. एका चांगल्या मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा, मान वाकवून एमआरआय आणि मज्जातंतूंची तपासणी लागेल का हे विचारा. तो हिरायामा निघाला, तर मानेला पट्टा लावून वाकणं रोखण्याचा खरा फायदा आजार अजून पुढे सरकत असतानाच होतो. थांबल्यानंतर गेलेलं मांस परत येत नाही.